लोकलमध्ये कानात, रात्री किंडल, रविवारी कागद : तुमचं वाचन दिवसात कुठे बसतं?

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं.

२०१६ ते २०२२ या सहा वर्षांत मी एकही पुस्तक पूर्ण वाचलं नाही. लेक झाली, बदली झाली, मग सासूबाईंचं आजारपण. एक दिवस वाचनालयातून फोन आला, "ताई, वर्गणी बरीच थकली आहे. सभासदत्व बंद करायचं असेल तर अनामत घेऊन जा." अनामत आणायला म्हणून गेले. दोन कपाटांच्या मधल्या बोळात थोडा वेळ उभी राहिले, थकलेली वर्गणी भरली आणि एक कादंबरी घेऊन घरी आले.

ती कादंबरी पंधरा दिवसांनी परत केली तेव्हा चाळीस पानं झाली होती. पुढच्या पुस्तकाचंही तेच. फार वाईट वाटलं. मग एका रविवारी वही घेऊन बसले आणि दिवसभरात मी कुठे कुठे असते, तेव्हा माझे हात काय करतात आणि डोळे काय करतात, एवढंच लिहून काढलं. त्या वहीने माझं वाचन परत आणलं, म्हणून ते सविस्तर लिहिते.

सकाळी सहा ते सात स्वयंपाक. हात कणकेत, डोळे तव्यावर, कान मोकळे. मग डोंबिवली ते सीएसएमटी. सव्वाआठच्या फास्टला लेडीज डब्यात उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ. एक हात कडीला, दुसरा पर्सवर. ठाण्यापर्यंत पुस्तक उघडणं शक्यच नाही, त्यानंतरही नशिबावर. इथेही कान मोकळे. दुपारी जेवण झाल्यावर बारा-पंधरा मिनिटं हात आणि डोळे दोन्ही मोकळे, पण आजूबाजूला गप्पा. रात्री लेकीला झोपवताना ती माझा एक हात धरून झोपते. खोलीत अंधार. एक हात आणि डोळे मोकळे. शांत, उजेडाची, दोन्ही हातांची जागा आठवड्यात एकच : रविवार दुपार.

कागदाचं पुस्तक मागतं दोन हात, उजेड आणि शांतता. माझ्याकडे ते सगळं एकत्र आठवड्यातून दोन तास होतं, आणि मी सगळी पुस्तकं त्या दोन तासांत कोंबायला बघत होते.

म्हणून गाडीत आणि ओट्यापाशी ऑडिओबुक सुरू केलं. पहिली निवड चुकली. इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक लावलं. मुलुंड येईपर्यंत कोण कुणाचा पुतण्या ते विसरायला व्हायचं. तीन दिवसांत सोडलं. दुसऱ्या खेपेला आत्मचरित्र लावलं आणि भांडुपजवळ गाडी वीस मिनिटं अडकली ती मला कळलीसुद्धा नाही. 'मी' म्हणून सांगितलेली गोष्ट कानाला लगेच धरवते. आणि एक गोष्ट मला अजिबात अपेक्षित नव्हती. बोलीभाषेतलं लेखन. माझं माहेर पुण्याचं, वऱ्हाडी किंवा अहिराणी शब्द पानावर आले की मी अडखळायचे, पानाखालचा अर्थ बघायचे, लय तुटायची. तेच शब्द ती बोली जाणणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकले की अर्थ आपोआप उघडत जातो. आवाजाचा चढउतार सांगतो की ही शिवी आहे की लाड आहे.

हिशोब केला. जाऊन-येऊन रोज ऐंशी मिनिटं ऐकणं होतं. महिन्याचे बावीस दिवस धरले तर एकोणतीस तासांच्या वर. नऊ-दहा तासांचं एक पुस्तक धरलं तर महिन्याला तीन. सहा वर्षांत एकही नाही, आणि आता महिन्याला तीन!

रात्रीसाठी किंडल घेतलं. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, एका हातात राहतं, उजेड अगदी कमी करता येतो, लेक जागी होत नाही. नऊशे पानांची कादंबरी आडवं पडून एका हातात धरून बघा, मनगट दहा मिनिटांत बोलायला लागतं. जाड पुस्तकं मी आता सगळी तिथेच वाचते. दुपारच्या पंधरा मिनिटांत दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. एका बैठकीत एक कथा, एक लेख, एक कविता असं तेव्हापासून आपल्याकडे चालत आलंय आणि जेवणाच्या सुट्टीला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. वर्षभर पुरवून वाचते. आणि कागद रविवारी, तोही फक्त कवितेसाठी आणि पेन्सिल घेऊन वाचायच्या पुस्तकांसाठी.

दोन प्रश्न आहेत. तुमच्या दिवसात कुठलं पुस्तक कुठे बसतं? आणि दुसरा जरा मनाला लागलेला. नणंदबाईंना उत्साहाने एका कादंबरीबद्दल सांगत होते. त्या म्हणाल्या, "ऐकलीस होय? मग वाचलीस असं नको म्हणू." तुम्हाला काय वाटतं?

अबोली_४

मस्त धागा. पोळ्या लाटताना ऐकणाऱ्या गटात मीपण. कुकरची शिट्टी होते तेव्हा नेमकं महत्त्वाचं वाक्य जातं, म्हणून आता कुकर आधी लावते आणि मग ऐकायला घेते.

समासातला

धागाकर्तीताई, तुमची जिद्द आवडली. सहा वर्षांनी वाचनाकडे परत येणं सोपं नसतं. तरी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर तुमच्या नणंदबाईंच्या बाजूचं आहे, आणि ते मी विचारपूर्वक देतो आहे.

मी शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : वाक्य संपलं की थांबा, मागे जा, पुन्हा वाचा. वाचताना डोळा सतत मागेपुढे करत असतो. कवितेची एक ओळ मी चार वेळा वाचतो आणि प्रत्येक वेळी थांबायची जागा बदलतो. ऑडिओत ती जागा दुसऱ्याने ठरवलेली असते. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द दाबायचा, पात्र रागावलं आहे की खचलं आहे, सगळं कुणीतरी आधीच ठरवून आपल्या हातात ठेवलेलं. ऐकणं ही मोठी कला आहे, व. पु. काळे, शंकर पाटील, मिरासदार यांचं कथाकथन मी भरलेल्या सभागृहात बसून ऐकलं आहे. पण घरी येऊन मी तीच कथा वाचायचो तेव्हा ती वेगळी असायची, आणि माझी असायची.

शिवाय समास. माझ्या पुस्तकांच्या समासात चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत. कानाला समास नसतो.

गोठा_सांगली

पहिल्यांदाच लिहितोय. रोज वाचतो हितं, लिहायला सवड नसती.

सहा म्हशी हायत. पहाटे साडेचारला धारा काढायला बसतो. फोन वरच्या खिशात, स्पीकरवर. म्हशी आता त्या आवाजाला सरावल्यात, नवीन माणसाचा आवाज आला की कान हलवतात. धारा, वैरण, शेण काढणं, डेअरीला दूध घालून परत, असं दीड-दोन तास होतं. रेंज गोठ्यात येत नाही म्हणून रात्रीच उतरवून ठेवतो.

दहावीनंतर मी पुस्तक हातात घेतलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी पुतण्यानं ॲप टाकून दिलं. आजवर साठाच्या वर पुस्तकं झाली. वहीत नावं लिहून ठेवलीत, तारखेसकट.

सरांचं म्हणणं वाचलं. सर तुम्ही मोठे, तुमच्याशी वाद नाही. पण आमच्या आज्याला सही सोडून काही येत नव्हतं. श्रावणात देवळात पोथी लागायची. एक जण वाचणारा, दुसरा अर्थ सांगणारा, आणि अख्खी आळी ऐकायला. आज्जाला अध्यायच्या अध्याय पाठ. कुठल्या ओवीला काय अर्थ, यावर तो शिकलेल्या माणसाशी बोलायचा आणि तो माणूस ऐकून घ्यायचा. गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांत करायचं तर रोज किती अध्याय, कुठं थांबायचं हे बी ठरलेलं. काम करणाऱ्या माणसानं मोठा ग्रंथ कसा संपवायचा याची वाट आपल्या लोकांनी कवाच घालून ठेवलीया. आज्ज्याला गावात कुणी 'तू पोथी वाचली नाहीस' असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

अबोली_४

दादा, तुमची ती वही बघायला आवडेल. साठ पुस्तकं!

जुळारी

सव्वीस वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं जुळवायचं काम, करतोय. मराठी ई-पुस्तकं कमी का, आणि जी आहेत त्यांतली काही वाचवत का नाहीत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. इथे सगळेच वाचणारे आहेत म्हणून नीट सांगतो.

आपली बरीचशी पुस्तकं पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये जुळवलेली आहेत. त्या फाइलमध्ये 'क' हा 'क' नसतो. आत कुठलंतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं, त्याच्यावर फॉण्ट 'क'चं चित्र दाखवतो. कागदावर छापायला यात काही अडचण नव्हती. पण ई-पुस्तकाला युनिकोड लागतं, म्हणजे आतही 'क' हा 'क'च असावा लागतो. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण रफार एक अक्षर पुढे सरकतो, जोडाक्षर फुटतं, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. दोनशे पानांच्या पुस्तकाला रूपांतर दहा मिनिटांत होतं आणि मुद्रितशोधनाला पंधरा दिवस लागतात. त्या पंधरा दिवसांचे पैसे द्यायची तयारी नसली की जे पुस्तक बाजारात येतं ते तुम्ही बघितलेलं आहे.

त्याहून जुन्या पुस्तकांची फाइलच नसते. मग पानांचे फोटो काढून पीडीएफ होते. तिची अक्षरं मोठी करता येत नाहीत, फोनवर वाचताना प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागते.

तुमच्या हातातली पीडीएफ कुठल्या जातीची हे ओळखायची सोपी युक्ती. एक ओळ निवडून कॉपी करा आणि मेसेजमध्ये चिकटवा. देवनागरी आली तर युनिकोड, फोन ती मोठ्याने वाचून दाखवू शकतो. भलतीच रोमन अक्षरं आली तर जुना फॉण्ट. ओळ निवडताच आली नाही तर तो फोटो. फोटो असेल तर गुगल ड्राइव्हमध्ये टाकून डॉक्स म्हणून उघडा, मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म', 'ख'चा 'रव' होतो, ते हाताने सुधारावं लागतं. पण प्रवासात ऐकण्यापुरतं चालून जातं.

एक विनंती कळकळीने करतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आजच्या लेखकांच्या पीडीएफ घेऊ नका, पुढे पाठवू नका. त्या पंधरा दिवसांच्या मेहनतीचे पैसे त्यातूनच बुडतात आणि मग पुढचं ई-पुस्तक निघत नाही. फुकट आणि कायदेशीर पुष्कळ आहे. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची, मग पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. मराठी विकिस्रोत या मोकळ्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर अशी पुस्तकं पानागणिक तपासली जातात. एकाने तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्यानेही तपासलं की हिरवं. मी रोज रात्री झोपण्याआधी दोन पानं तपासतो. माझं वाचन तिथेच होतं, अगदी अक्षर अक्षर.

हिमशुभ्रा

जुळारीकाका, हा प्रतिसाद साठवून ठेवलाय.

मी जर्मनीत असते, चौदा वर्षं झाली. सुरुवातीला दर भारतवारीत तेवीस किलोच्या बॅगेतले सात-आठ किलो पुस्तकांचे असायचे. आई लोणच्याची बरणी आत घालायची, मी पुस्तकासाठी बाहेर काढायचे. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी आलं तेव्हा मी इथल्या घरात रात्री दीड वाजता एक कथासंग्रह विकत घेतला आणि एका मिनिटात तो हातात होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात सुरू झालं, मराठी ऐकायची सवय मला त्यानंतर लागली.

पण मला लिहायचंय ते मुलाबद्दल. तो नऊ वर्षांचा आहे. मराठी बोलतो, सगळं समजतं, देवनागरी मात्र अक्षर लावत लावत वाचतो. एका ओळीला इतका वेळ लागायचा की ओळ संपेपर्यंत गोष्ट हरवायची आणि तो पुस्तक मिटायचा. आता आम्ही एकच गोष्ट दोन्हीकडे घेतो. ऑडिओ थोडा संथ लावायचा आणि कागदाच्या पुस्तकात बोट फिरवत जायचं. आवाज त्याला पुढे खेचतो, बोट अक्षराला धरून ठेवतं. पहिले दोन महिने बोट सारखं मागे पडायचं. गेल्या महिन्यात एकदा त्याचं बोट आवाजाच्या पुढे गेलं. त्याने ऑडिओ बंद केला आणि उरलेलं अर्धं पान स्वतः वाचलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, बाहेर आले नाही.

एक सावधगिरी पण सांगते. मी एका ॲपवर काही वर्षांत चाळीसेक मराठी ई-पुस्तकं विकत घेतली होती. ते ॲप बंद पडलं आणि ती सगळी पुस्तकं गेली. पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. त्यात आजोबांच्या गावावरचं एक पुस्तक होतं, जे आता कुठेच मिळत नाही. तेव्हापासून मनात घर केलेलं पुस्तक मी कागदावर घेतेच, मग ते बॅगेत कितीही जड होवो.

पांढरी_काठी

समासातला सर, गोठा दादा, दोघांचंही वाचून लिहावंसं वाटलं.

मला एकोणिसाव्या वर्षी दिसायचं पूर्ण बंद झालं. त्याआधी मी अधाशासारखा वाचायचो. नंतर दीड वर्ष मी पुस्तक या विषयावर कुणाशी बोललोसुद्धा नाही.

मी दोन तऱ्हांनी ऐकतो आणि त्या दोन्ही अगदी वेगळ्या आहेत. पहिली माणसाच्या आवाजातली. ती सर म्हणतात तशीच आहे, त्यात कुणीतरी आपल्याला गोष्ट सांगत असतं. दमून घरी आलो की मला तीच हवी असते. दुसरी स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचा मजकूर यंत्राच्या आवाजात वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची. तो आवाज सपाट आहे. राग नाही, रडणं नाही, स्वल्पविरामाला जरा थांबतो एवढंच. नवख्या माणसाला तो कंटाळवाणा वाटतो. पण सर, त्यातलं रागावणं मलाच घालावं लागतं. शब्द कुठे दाबायचा ते मी मनात ठरवतो. मी दुपटीच्या वेगाने ऐकतो, आवडलेलं वाक्य आलं की थांबवतो, शब्दाशब्दाने मागे जातो, अडलेला शब्द अक्षर अक्षर करून ऐकतो. माझ्याकडे खुणाही आहेत आणि नोंदीही. एका वाक्यापाशी मी लिहून ठेवलंय, 'आईला हे वाचून दाखवायचं.' तुम्ही ज्याला समास म्हणता तो मला असा मिळाला.

आणि ब्रेल. ऐकून ऐकून माझं शुद्धलेखन निसटायला लागलं होतं. ह्रस्व-दीर्घ कानाला कळतं असं आपण म्हणतो, पण शब्दाच्या शेवटी ते पुष्कळदा कळत नाही. ब्रेल शिकलो तेव्हा जे शब्द मी वर्षभर नुसते ऐकले होते ते बोटाखाली आले, आणि त्यांतले कितीतरी मनात चुकीचे लिहिले गेले होते. त्यामुळे कागदाचं महत्त्व तुमच्याइतकंच मलाही आहे, माझा कागद जाड असतो आणि त्याला टिंबं असतात एवढंच.

ज्यांच्या घरी कुणाची नजर कमी झाली आहे त्यांच्यासाठी : सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन वाचनालय २०१६ पासून आहे, नोंदणी करून पुस्तकं घेता येतात. दृष्टिहीन लोकांसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीत मोकळीक दिली. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला याच गोष्टीसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला सगळ्यांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. मराठी पुस्तकं अजून फार कमी आहेत. जुळारीकाकांनी सांगितलेलं फोटोवाल्या पीडीएफचं दुखणं आम्हाला सगळ्यांत जास्त बसतं, कारण ती आमच्यासाठी कोऱ्या पानांची वही असते. तुम्ही रोज तपासता ती दोन हिरवी पानं कुणाच्या कानापर्यंत पोचतात ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. मी तिथून वाचतो.

जुळारी

काय बोलू. आजपासून चार पानं.

रात्रपाळी_वॉर्ड

नर्स आहे. माझ्याकडे सलग वेळ असा नसतोच. रात्री अडीच-तीनच्या सुमाराला सगळे पेशंट शांत झोपले तर दहा मिनिटं मिळतात, तीही बेल वाजेपर्यंतची. कादंबरी नाही जमत, तुटलं की पुन्हा सूर लागत नाही. कानात काही घालता येत नाही, कान वॉर्डकडे हवेत. फोन पण नको वाटतो, त्याच्या प्रकाशाने पेशंट उठतात. ॲप्रनच्या खिशात मावेल असा कवितासंग्रह ठेवते. एका रात्री एक कविता. पाच महिन्यांत एक संग्रह झाला, पण त्यातल्या वीस-पंचवीस कविता पाठ आहेत.

तालुका_वाचनालय

मी एका 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्यातलं.

परत आलेल्या पुस्तकांत आम्हाला खुणेला घातलेल्या वस्तू सापडतात. एसटीची तिकिटं, औषधाच्या पाकिटाचे तुकडे, शाळेची फी भरल्याची पावती. त्यावरून माणूस कुठे बसून वाचत होता ते कळतं. बहुतेक खुणा पहिल्या पन्नास पानांत असतात. खिडकीजवळची यांनी लिहिलं तेच, लोक पुस्तक नेतात आणि ते त्यांच्या दिवसात मावत नाही.

म्हणून मी आता पुस्तक देताना विचारते, "कधी वाचणार?" प्रवासात म्हणाले तर लहान आकाराची, सुटसुटीत टाइपाची आवृत्ती बघून देते. झोपताना म्हणाले तर छोट्या प्रकरणांची. दिवाळी अंकांची योजना घेतलेल्या सभासदांना दोन अंक एकदम न देता एकच देते, परत आणला की दुसरा. आणि मुदत वाढवायला यायची गरज नसते हो, फोन केला तरी पुरतो. निदान आमच्याकडे तरी. कितीतरी लोक उशीर झाला म्हणून संकोचाने यायचेच थांबतात आणि मग वर्षभर येत नाहीत. कृपा करून तसं करू नका. दंड दोन रुपयांचा असतो, तुमचं येणं आम्हाला त्याच्यापेक्षा फार मोठं आहे.

समासातला

पांढरी काठी, तुमचा प्रतिसाद दोन दिवसांत कितीदा वाचला ते मोजलं नाही. सपाट आवाजात रागावणं आपलं आपल्याला घालावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी 'ऐकणं' म्हणजे एकच गोष्ट धरून बसलो होतो. कानाला समास नसतो हे माझं वाक्य मी मागे घेतो.

गोठा सांगली, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. मी पोथी ऐकतच वाढलो आणि लिहिताना तेवढंच विसरलो.

आणखी एक, जे पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं. गेल्या वर्षी सौ.च्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एकामागून एक. तिला वाचायची मनाई होती. दीड महिना रोज संध्याकाळी दिवे लागल्यावर मी तिला एक कादंबरी वाचून दाखवली. मध्येच ती म्हणायची, थांबा, मागचा परिच्छेद पुन्हा वाचा. शेवटची वीस पानं तिने एका बैठकीत वाचून घेतली, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्या कादंबरीविषयी बोलताना ती म्हणते, "मी वाचली तेव्हा..." आणि मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. मनातही आलं नाही.

खिडकीजवळची

सर, तुमचा शेवटचा परिच्छेद नणंदबाईंना पाठवलाय. विचारून पाठवायला हवा होता, पण राहवलं नाही.

हिमशुभ्रा, तुमची बोटाची युक्ती काल रात्री करून पाहिली. लेक आता पहिलीत आहे. किंडल बाजूला ठेवलं, दिवा लावला, फोनवर गोष्ट संथ लावली. तिचं बोट दुसऱ्याच ओळीवर भलत्याच शब्दाला पोचलं होतं, तिला पत्ता नव्हता, पण तिने बोट उचललं नाही. झोपायला अर्धा तास उशीर झाला. आज पुन्हा करणार आहोत.

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून एक बदल केला. कवितेचं पुस्तक रविवारच्या कपाटातून काढून पर्समध्ये ठेवलं. आज परतीच्या गाडीला घाटकोपरला बसायला जागा मिळाली, इअरफोन काढून ठेवले आणि एकच कविता डोंबिवलीपर्यंत वाचत आले.

तालुका वाचनालय, एक विचारायचं होतं. सासूबाई आता बऱ्या आहेत, त्यांना वाचायचंय, पण छापील अक्षर बारीक पडतं आणि फोन त्यांना नको वाटतो. मोठ्या टाइपातल्या कथांच्या पुस्तकांना तुमच्याकडे काय म्हणून मागायचं? किंवा कपाटात कुठे बघायचं?

तालुका_वाचनालय

वेगळं कपाट नाही, पण बालविभागात किशोर गटाचं शेल्फ बघा. टाइप मोठा, ओळींत अंतर, आणि लोककथांचे संग्रह असतात ते मोठी माणसंही आवडीने नेतात. सासूबाईंच्या माहेरच्या भागातल्या लोककथा मिळाल्या तर त्याच आधी द्या. जुन्या आवृत्त्या घेऊ नका, त्यांचा कागद पिवळा पडलेला असतो आणि अक्षर उठत नाही. आणि त्यांना स्वतःला घेऊन या, खुर्ची आहे आमच्याकडे खिडकीपाशी. तुमच्याही वाचनालयात असेल.